लेशमॅनियासिसच्या व्रणावर लिक्विड नायट्रोजन: किती सेकंद, किती वेळा?

निशिगंध

लेशमॅनियासिस (लेशमॅनिया परजीवीमुळे होणारा त्वचेचा आजार) झालेला प्रौढ रुग्ण, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध दोन व्रण. मोठा ३ सेंमीचा, मध्ये घट्ट खपली, कडा उंच आणि टणक. दुसरी जेमतेम १ सेंमीची गाठ, अजून फुटलेली नाही. मोठ्या व्रणाच्या कडेचा स्मिअर (काचेवर पसरलेला नमुना) गीम्साने रंगवल्यावर एलडी बॉडीज, म्हणजे पेशींतले लेशमॅनिया परजीवी, भरपूर दिसल्या. काखेत गाठी नाहीत, नाक-तोंड स्वच्छ, मधुमेह नाही, प्रतिकारशक्ती दाबणारं कोणतंही औषध चालू नाही. प्रजातीचा पीसीआर (डीएनए तपासणी) अहवाल यायचाय, पण प्रवासाचा इतिहास पाहता आशिया-आफ्रिकेतलीच प्रजाती असणार.

हाताशी लिक्विड नायट्रोजन आणि स्प्रे गन आहे. व्रणात टोचायचं अँटिमनी हे औषध मागवलंय, ते कधी येईल सांगता येत नाही. पुस्तकात पाहावं तर "१० ते २५ सेकंद गोठवा, गरजेनुसार पुन्हा करा" एवढ्यावर बोळवण. सेकंद नेमके कधीपासून मोजायचे? कडेबाहेर किती जायचं? नुसत्या गोठवण्यावर भागेल का? आणि काय चुकलं की व्रण पुन्हा उगवतो?

हिमकण

आकडे जुळत नाहीत कारण मोजायच्या दोन पद्धती आहेत. कुणी फवारा सुरू केल्याक्षणी घड्याळ लावतं, कुणी ठरवलेली सगळी जागा पांढरी झाल्यावर. दुसरी पद्धत धरा. पहिलीत नोझल, अंतर आणि व्रणाचा आकार यांप्रमाणे तेवढ्याच सेकंदांत वेगवेगळी खोली गाठली जाते. कोणती पद्धत वापरली हे केसपेपरवर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर "२० सेकंद" वाचून भलतंच काहीतरी करेल.

सुरुवात खपलीपासून. हे काम लोक टाळतात आणि बहुतेक अपयशाचं मूळ तिथेच असतं. परजीवी खालच्या डर्मिसमधल्या (त्वचेच्या आतल्या थरातल्या) मॅक्रोफेज या भक्षक पेशींत बसलेले असतात. जाड, कोरडी खपली थंडी अडवते. वरून सगळं छान पांढरं दिसतं आणि खाली तापमान पुरेसं उतरलेलंच नसतं. सलाइनमध्ये भिजवलेला गॉज १५-२० मिनिटं ठेवा, खपली मऊ झाली की चिमट्याने उचला. फारच चिकटली असेल तर आदल्या रात्री व्हॅसलीन लावून झाकायला सांगा. खाली रक्त आलं तर दाबून थांबवा आणि जागा कोरडी करा, कारण ओल्या पृष्ठभागावर आधी पाण्याचाच बर्फ होतो.

भोवतालच्या निरोगी त्वचेवर २-३ मिमी अंतर सोडून पेनने रेघ मारा. पांढरा भाग त्या रेघेपर्यंत पोचलाच पाहिजे. उंच, टणक कडेत परजीवी हमखास असतात आणि परतीचा व्रण बहुतेकदा कडेवरच फुटतो. मध्यभाग झोडपून काढायचा आणि कड अर्धवट सोडायची, हे नेहमी दिसणारं चित्र.

नोझल त्वचेपासून १ ते २ सेंमीवर, सरळ ९० अंशात. १ सेंमीच्या गाठीला मधोमध एकच फवारा पुरतो. ३ सेंमीच्या व्रणाला नाही पुरत. एका बिंदूवर फवारा धरला तर बर्फाचं वर्तुळ साधारण २ सेंमीपर्यंत नीट पसरतं, पुढे मध्यभाग विनाकारण खोल गोठतो आणि कड कोमट राहते. म्हणून मोठ्या व्रणाचे तीन-चार भाग करा, एकमेकांवर थोडे चढणारे, आणि प्रत्येक भाग स्वतंत्र गोठवा.

पूर्ण जागा पांढरी झाली की १५ ते २० सेकंद तशीच ठेवा, फवारा थांबून-थांबून देत. मग पूर्ण वितळू द्या. पूर्ण म्हणजे पांढरेपणा जाऊन बोटाला टणकपणाही लागायला नको. फुंकर मारू नका, चोळू नका, कोमट गॉज तर नाहीच. जागा वितळली की दुसरी फेरी, तेवढीच. दुसऱ्या फेरीत बर्फ लवकर पसरतो, तेव्हा रेघेवर लक्ष ठेवा.

अँटिमनी आलं तर दोन्ही एकत्र करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या तज्ज्ञ अहवालात हाच जोड-उपचार आहे: गोठवणं आणि दर वेळी १ ते ५ मिली अँटिमनी व्रणात टोचणं, ३ ते ७ दिवसांच्या अंतराने, १ ते ५ वेळा. क्रम महत्त्वाचा. आधी गोठवा, वितळल्यावर सूज येऊ द्या, मग टोचा. कडक गाठीत औषध शिरत नाही, सुई उलट ढकलली जाते. सूज आल्यावर ऊती सैल पडतात आणि औषध पसरतं. बारीक सुईने चारही बाजूंच्या कडेतून आत, जागा फिकी पडेपर्यंत.

अँटिमनी नसेल तर नुसतं गोठवणंही या रुग्णात मान्य पर्याय आहे. फक्त अंतर १ ते ३ आठवड्यांचं ठेवा, आधीचा फोड बसला की पुढची वेळ. एकट्या क्रायोचे (गोठवण्याचे) निकाल जोड-उपचारापेक्षा डावे पडतात, हे रुग्णाला आधीच सांगितलेलं बरं.

सूक्ष्मदर्शी

हिमकण यांनी कृती नीट सांगितली आहे. "वितळू द्या" यावर ते एवढा जोर का देतात, ते थोडं उलगडतो.

प्रयोगशाळेत लेशमॅनियाचे नमुने जतन करतात तेच मुळी लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना. वर्षानुवर्षं राहतात आणि बाहेर काढून योग्य माध्यमात टाकले की पुन्हा पोहायला लागतात. म्हणजे नुसती थंडी या जिवाला मारत नाही. जतन करताना ग्लिसरॉल किंवा डीएमएसओ घालतात आणि मिनिटाला साधारण १ अंश या गतीने हळू थंड करतात, जेणेकरून पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत. बाहेर काढताना मात्र ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवतात. त्वचेवर आपल्याला याच्या नेमकं उलट हवं असतं: झपाट्याने गोठवणं, म्हणजे पेशीच्या आतच स्फटिक होतील, आणि सावकाश वितळणं, म्हणजे छोटे स्फटिक एकत्र येऊन मोठे होतील व पटल फाडतील. कोमट गॉज ठेवणारा माणूस नकळत प्रयोगशाळेची जतनाची रीत वापरतोय.

शिवाय इथे मारायचा असतो तो परजीवी एकटा नसतो. तो मॅक्रोफेजच्या पोटात असतो, पेशी फुटली की त्याचं घरच जातं. गोठलेल्या जागेतल्या केशवाहिन्या पुढच्या काही तासांत बंद पडतात, त्यातूनही ऊती मरतात. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले प्रतिजन शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी करतात, असंही मानलं जातं. पण या शेवटच्या मुद्द्यावर भिस्त ठेवून कड सोडून देऊ नका.

रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी उणे ४ ते ७ अंशांनाच मरतात. केराटिनोसाइट्सना (त्वचेच्या वरच्या थराच्या पेशींना) उणे २० ते ३० लागतं, फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) उणे ३५-४० पर्यंत तग धरतात. याचा अर्थ, परजीवी मरेल इतकं गोठवलं की त्या जागेचा रंग जाणार हे जवळपास ठरलेलं, सावळ्या त्वचेवर तर नक्कीच. काही महिन्यांत कडेने रंग परततो, पण नेहमी पूर्ण नाही. उलट फायब्रोब्लास्ट आणि कोलॅजन टिकतात, म्हणून वळ कापाकापीपेक्षा सपाट येतो.

प्रजातीची वाट पाहताय ते योग्य करताय. लेशमॅनिया मेजर असेल तर व्रण काही महिन्यांत आपणहून भरण्याकडे झुकतो, ट्रॉपिका मात्र वर्षभर किंवा अधिकही रेंगाळते. मध्य-दक्षिण अमेरिकेतला प्रवास निघाला तर सगळा विचार बदलतो. ब्राझिलिएन्सिस आणि तिच्या जवळच्या प्रजाती वर्षांनंतर नाक-घशात उठू शकतात. तिथे स्थानिक उपचार ठरवायचा तर जाणत्यांशी बोलून, आणि नाकाची तपासणी पुढेही चालू ठेवून.

आणखी एक, पुन्हा स्मिअर, कल्चर किंवा बायोप्सी घ्यायची असेल तर गोठवण्याआधी घ्या. नंतर घेतलेल्या नमुन्यात मेलेल्या पेशींचा चिखल असतो. नकारात्मक अहवालाला अर्थ राहत नाही आणि सकारात्मक पीसीआरलाही नाही, कारण मेलेल्या परजीवींचा डीएनए काही काळ तिथेच असतो.

वेलदोडा

याच धाग्यात विचारतो. सरपटत जाणारी अळी, म्हणजे पायावर वळणावळणाची लाल रेघ, तिच्या पुढच्या टोकावर इथाइल क्लोराइड किंवा नायट्रोजन मारायचं असं जुन्या पाठ्यपुस्तकात वाचलंय. ते अजून चालतं का? आणि मस घालवायचे घरगुती फ्रीझ स्प्रे मिळतात, ते अशा कशाला चालतील का?

हिमकण

नाही. दोन्हीला नाही.

अळीचं आधी. ही कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीची अळी, बहुतेक वेळा अँकायलोस्टोमा ब्राझिलिएन्स. माणसाच्या त्वचेचा तळाचा पडदा तिला सहसा ओलांडता येत नाही, म्हणून ती एपिडर्मिसमध्येच (त्वचेच्या वरच्या थरातच) भटकते, दिवसाला काही मिमी ते २ सेंमी. आपल्याला दिसते ती लाल रेघ म्हणजे ती गेल्यानंतर उठलेली प्रतिक्रिया. अळी स्वतः रेघेच्या टोकापासून १-२ सेंमी पुढे असते, कुठल्या दिशेला ते माहीत नसतं. टोकावर फवारा मारणं म्हणजे गाडी गेल्यावर फलाटावर जाळं टाकण्यासारखं. वर ही अळी उणे २१ अंशांना ५ मिनिटांहून जास्त जगते. तिला मारायला लागेल तेवढं गोठवलं तर पायाच्या तळव्यावर मोठा फोड, मग व्रण, आणि रुग्ण आठवडाभर लंगडत. अळी तोवर दुसरीकडे रेघ काढतेय.

आयव्हरमेक्टिन २०० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, एकच मात्रा. दोन-तीन दिवसांत खाज उतरते, रेघ मावळायला आठवडा लागतो. गर्भवती स्त्री आणि १५ किलोंच्या आतलं मूल यांना ते देत नाहीत. दुसरा पर्याय अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ रोज, ३ ते ७ दिवस. केसांच्या मुळांशी पुटकुळ्या उठणारा प्रकार असेल तर एका मात्रेत भागत नाही, पुन्हा द्यावी लागते. पोटातून औषध देता येत नसेल तर १० टक्के अल्बेंडाझोलचं मलम बनवून घेता येतं, दिवसातून तीनदा, रेघेच्या टोकापुढेही लावायचं.

रेघ तासाभरात काही सेंमी सरकताना दिसली, खास करून नितंब-मांडीवर, तर ती ही अळी नव्हे. स्ट्रॉंगिलॉइडीस (आतड्यात राहणारा कृमी) समजा आणि रुग्ण स्टिरॉइडवर आहे का ते लगेच विचारा. ते त्वचेचं दुखणं राहत नाही.

घरगुती स्प्रेमध्ये डायमिथाइल इथर आणि प्रोपेन असतं. डब्यावर उणे ५७ लिहिलेलं असतं, पण फोमच्या टोकातून त्वचेत पोचतं त्यापेक्षा बरंच कमी. वरवरच्या मसासाठी ठीक. डर्मिसमधल्या परजीवीपर्यंत ते पोचत नाही, रंगद्रव्याच्या पेशी मात्र मारतं. म्हणजे डाग मिळतो, इलाज मिळत नाही. शिवाय ते ज्वालाग्राही असतं आणि निदान न झालेल्या व्रणावर लोक तेच मारत बसतात.

सूक्ष्मदर्शी

बाकी परजीवींचंही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. खरजेत गोठवण्याला काहीच जागा नाही, किडे अंगभर असतात. माशीच्या अळीच्या फोडात गोठवून अळी मारली तर ती आतच अडकते. तिच्या अंगावर मागे वळलेल्या काट्यांच्या ओळी असतात, मेलेली अळी ओढून निघत नाही, तुकडा राहतो आणि पू होतो. तिथे भोकावर व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा, हवेसाठी ती वर आली की चिमट्याने धरायची. न जमल्यास बधिर करून छोटा छेद. टुंगा पिसू पायाच्या बोटाशी, नखाजवळ रुतलेली असते. निर्जंतुक सुईने अख्खी काढणं किंवा पातळ डायमेथिकोन हे सरळ उपाय, आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी.

थोडक्यात निवड अशी पडते की जो परजीवी एका जागी ठाण मांडून बसलाय, ऊतींच्या आत विखुरलाय आणि ज्याचा देह बाहेर काढावा लागत नाही, तिथेच गोठवणं उपयोगी. त्वचेच्या परजीवींत असा जवळजवळ एकटा लेशमॅनियाच.

टाकीवाला

वरच्या चर्चेत कुणी नायट्रोजन हाताळण्याबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो.

१ लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. म्हणून साठवणीच्या डेवारचं (नायट्रोजनच्या थर्मासवजा टाकीचं) झाकण सैलच असतं. त्यावर बूच घट्ट बसवणं किंवा चिकटपट्टी लावणं म्हणजे बॉम्ब तयार करणं. खिडकी नसलेल्या छोट्या खोलीत भरणी करू नका. हवेतला ऑक्सिजन कमी झाल्याचा वास येत नाही, श्वासही कोंडत नाही, माणूस सरळ कोसळतो. बंद गाडीत माणसांसोबत डेवार नेऊ नये, तो याचसाठी.

भरताना चेहऱ्यावर शील्ड, हातात सैल क्रायो-हातमोजे, म्हणजे आत थेंब गेला तर झटकून काढता येतात. पँट बुटात खोचायची नाही, बुटावरून सोडायची. स्प्रे गन दोन-तृतीयांशच भरा. भरल्यावर लगेच फवारा कमजोर येतो, दाब तयार व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. झडपेतून फुसफुस येणं ठीकच आहे, ती अडवू नका.

फवाऱ्याऐवजी थेंब उडत असतील तर गन जास्त भरलीय किंवा फार तिरकी धरलीय. थेंब ओघळून निरोगी त्वचेवर रेघा उठतात, त्या रुग्णाला महिनोन्महिने दिसतात. फवारा मध्येच तुटत असेल तर नोझलमध्ये दमटपणाचा बर्फ धरलाय. नोझल काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कोरडं पुसा, मग लावा. दाब टिकतच नसेल तर झाकणाची रबरी रिंग बघा, थंडीने तडकते.

गन नसेल तर कापसाचा बोळा. बाजारचा इअरबड पुरेसा द्रव धरत नाही. त्यावर सैल कापूस गुंडाळून टोक व्रणाहून जरा लहान ठेवा. हलकं टेकवा आणि दर काही सेकंदांनी पुन्हा बुडवा. आणि हे पक्कं लक्षात असू द्या: प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या कपात थोडा द्रव घ्या, उरलेला ओतून उडू द्या, मुख्य टाकीत परत टाकू नका. काही विषाणू लिक्विड नायट्रोजनमध्ये मरत नाहीत, एका रुग्णाचं दुसऱ्याला जाऊ शकतं.

निशिगंध

सर्वांचे आभार. पीसीआर आला, मेजर निघाली. दोनच शंका उरल्या. वेदनेसाठी काय करता? आणि हा रुग्ण क्रायोला नको म्हणायचा कधी?

हिमकण

मेजर असल्याने थोडं थांबून पाहणंही चुकीचं नव्हतं, पण ३ सेंमीचा व्रण आणि शेजारी नवी गाठ असताना उपचार करणंच बरं.

फवाऱ्याच्या वेळी जळजळतं, पण खरा ठणका वितळताना उठतो आणि काही तास राहतो. लिडोकेन-प्रिलोकेन क्रीम तासभर झाकून ठेवलं तर वरची जळजळ कमी होते, ठणका नाही. छोट्या गाठीला काही लागत नाही. मोठ्या व्रणाला लिडोकेन टोचून घ्या, रुग्ण हलला नाही तर कडही नीट होते. घरी पॅरासिटामॉल.

२४ तासांत फोड येईल, कधी रक्ताळलेला. घाबरू नका, हे आधी सांगितलेलं नसलं की रुग्ण रात्री दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि तिथे अँटिबायोटिक सुरू होतं. लहान फोड तसाच ठेवा. ताणून दुखणारा असेल तर निर्जंतुक सुईने तळाशी टोचून पाणी काढा, वरची कातडी राहू द्या. रोज साबण-पाण्याने धुणं, व्हॅसलीन, सैल पट्टी. लाली पसरत गेली, पू आला किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना उलट वाढली, तरच संसर्ग समजा.

निकष त्याच २०१० च्या अहवालातले: चारपेक्षा कमी व्रण, प्रत्येक ५ सेंमीच्या आत, चेहरा, सांधे आणि बोटांवर नाही, प्रतिकारशक्ती ठीक, आणि रुग्ण तपासणीला परत येऊ शकतो. तुमचा रुग्ण यात बसतो. हातावर वरच्या दिशेने ओळीने गाठी उठल्या तर लसिकावाहिन्यांतून पसरतंय, तिथे स्थानिक उपचार थांबवून शरीरभर पोचणाऱ्या औषधाचा विचार करा. थंडीने अंगावर गांधी उठणारे, रक्तात क्रायोग्लोब्युलिन (थंडीत गोठून बसणारी प्रथिनं) असलेले, बोटं पांढरी-निळी पडणारे आणि पायांचा रक्तपुरवठा कमी असलेले यांना क्रायो नको. कोपराच्या आतल्या बाजूला, बोटांच्या कडांना, गुडघ्याबाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर नसा वरच असतात, तिथेही हात आवरा. गर्भवतीत मात्र अँटिमनी टाळायचं असतं, तेव्हा क्रायो उलट सोयीचं पडतं.

पहिल्या दोन आठवड्यांत व्रण मोठाच दिसतो, कारण तुम्ही २-३ मिमी निरोगी त्वचाही मारलेली असते. त्याला अपयश समजून तिसऱ्याच दिवशी पुन्हा जोरात गोठवू नका. दर भेटीत फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. ९० व्या दिवशी पूर्ण त्वचा भरलेली आणि बोटाला कड टणक न लागणारी हवी, मग सहा महिन्यांनी पुन्हा बघा. तोवर वळाच्या कडेला एखादी तांबूस पुटकुळी दिसली तर आधी तिचा स्मिअर घ्या आणि मगच गन उचला.